झोपेची राखण

कॅन्टीनच्या भिंतीवर आपली आई झोपली आहे, हे क्रांतीला आधी हातावरच्या गोंदणावरून कळलं.

रात्रपाळी नुकतीच सुटली होती. शिरवळच्या त्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरायचं काम चाले. रात्रभर सरकत्या पट्ट्यावरच्या पाकिटांकडे बघून बाहेर पडलेल्या पोरींना सकाळी समोरचं माणूससुद्धा धड दिसत नसे. क्रांती पोह्यांची बशी घेऊन बसायला जागा शोधत होती. पाण्याच्या टाकीशेजारी नवं पोस्टर लागलं होतं. लिंबाच्या झाडाखाली घोंगडं अंथरून एक बाई आडवी झालेली. उशाला हात, तोंड जरासं उघडं, पदर खांद्यावरून ढळलेला, भेगाळलेले तळपाय थेट बघणाऱ्याच्या तोंडाकडे. हातावर हिरवं गोंदण, तुळस आणि तिच्याखाली ‘कोंडीबा’ हे नाव. मनगटाला काळा पट्टा.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘बनुबाई, मेंढपाळ. रात्री फक्त साडेपाच तास झोप, तरी सदैव ताज्या! थकवा शरीरात नसतो, सवयीत असतो.’

पोस्टरखालच्या बाकावर दोन फिटर पोहे खात होते.

“काय गाढ लागलीय बघ म्हातारीला,” एक म्हणाला.

“मला आसली बायको पायजे गड्या. साडेपाच तासांत उठून भाकरी थापणारी.”

दोघं हसले. क्रांतीने बशी त्यांच्या समोर आदळली, चपलेसकट बाकावर चढली आणि पोस्टर काढायला लागली. पण तिने ते ओढून फाडलं नाही. आईच्या चेहऱ्यावरून फाटलं असतं. तिने कडेकडेने नखं घालून चिकटपट्ट्या सोडवल्या. एका फिटरने विचारलं, “काय झालं गं?” ती बाकावरून उतरून चालू लागली. तसंच दुसरं पोस्टर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत होतं, तेही काढलं. तिसरं बस थांबते तिथल्या शेडमध्ये होतं. ते काढताना सुपरवायझरने तिला धरलं.

ही पोस्टरं लागली ती रेश्माच्या बोटांमुळे.

दिवाळीनंतर मोठी ऑर्डर आली आणि आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. एक आठवडा दिवसाची, दुसरा रात्रीची. रात्रीची सवय होतेय न होतेय तोवर पुन्हा दिवसाची. क्रांती, रेश्मा आणि आणखी चौघी पत्र्याच्या एका खोलीत भाड्याने राहायच्या. रात्रपाळीच्या आठवड्यात त्या सकाळी येऊन पडायच्या, तेव्हा शेजारी मिक्सर सुरू व्हायचा, दारात भंगारवाला ओरडायचा आणि हायवेवरचे हॉर्न तर भिंतीतून आत यायचे. डोळ्यांवर ओढणी बांधून पोरी तळमळत राहायच्या. जेवायला बसल्या तर घास हातात तसाच राहायचा. महिन्याची पाळी पुढेमागे व्हायला लागली. एकमेकींवर विनाकारण खेकसायच्या आणि मग रडायच्या.

रेश्मा पाकिटांना गरम पट्टीने सील मारायच्या मशीनवर होती. एका पहाटे तिचा डोळा लागला. लागला म्हणजे पापणी मिटली आणि उघडली, एवढंच. त्या तेवढ्यात उजव्या हाताची दोन बोटं पट्टीखाली गेली. डॉक्टरांना ती पेरापासून काढावी लागली. चौकशीला आलेल्या साहेबाचा पहिला प्रश्न होता, “घरी गेल्यावर मोबाईल किती वेळ बघतेस?”

पोरी चिडल्या. पहिल्यांदाच सगळ्या मिळून ऑफिसात गेल्या. पाळी आठ तासांची करा, दर आठवड्याला बदलू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी झोपेवर व्याख्यान ठेवलं. पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की जंगलात राहणारी, शिकार करणारी माणसं घ्या नाहीतर आपल्याकडचे मेंढपाळ घ्या, यांच्याकडे वीज नाही, मोबाईल नाही, तरी ते रात्री सहा तासांच्या आतच झोपतात. संशोधनानं सिद्ध झालेलं आहे. आठ तासांची झोप हे शहरी लोकांचं खूळ आहे. क्रांती त्या दिवशी रेश्माजवळ दवाखान्यात होती. तिला हे मैत्रिणींकडून कळलं. पण कुठले मेंढपाळ हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

सुपरवायझरने क्रांतीला नेलं ते जयराजसमोर. जयराज हा मनुष्यबळ विभागाचा साहेब. कधी आवाज न चढवणारा. त्याने क्रांतीला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

“कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केलंस तू. का?”

“ती माझी आई हाय.”

शहरात आल्यापासून ती कामावर जपून बोलायची. आज ते जपणं राहिलं नाही.

जयराजने टेबलावरच्या पोस्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “अरे वा! मग तर तुला अभिमान वाटायला पाहिजे. एवढ्या कष्टाळू बाईची मुलगी.”

“तिला कुणी इचारलं फोटो लावताना?”

“हे संशोधन संस्थेकडून आलंय. त्यांच्याकडे सगळ्या परवानग्या असतात.”

“सर, फोटोतलं ऊन बघा.”

“काय?”

“ऊन. झाडाची सावली बुंध्याशी हाय. भर दुपारी झोपलीय ती. तुमी लिहिलंय रात्री साडेपाच तास. मग ही दुपारची झोप कुठं गेली? ती कुणी खाल्ली?”

जयराजने खरंच वाकून पाहिलं. मग त्याने पोस्टर उलटं करून ठेवलं. “फोटो फक्त प्रातिनिधिक आहे. असल्या गोष्टींचा कीस काढू नये.”

“मग आमालाबी झोपू द्या की दुपारी. तिच्यासारखं. रात्रपाळीत मधे दोन तास पडू द्या.”

“फाजीलपणा पुरे.” आवाज अजूनही खालीच होता. “तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस. उद्यापासून येऊ नकोस. ठेकेदाराला मी सांगतो.”

जयराजला फोन आला म्हणून तो खिडकीकडे वळला. तेवढ्यात तिने टेबलावरचं पोस्टर उचललं, गुंडाळी करून ओढणीखाली धरलं आणि बाहेर पडली. गेटवरच्या वॉचमनने, उदयसिंहने, ते पाहिलं. पिशवी तपासणं त्याचं काम होतं. त्याने दुसरीकडे तोंड केलं.

कोंडीबा आणि बनुबाईचं गाव कवठे महांकाळ तालुक्यातल्या माळावर. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन निघायचे आणि फलटणच्या बागायतीकडे यायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीमुताचं खत रानाला मिळायचं, त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचा. चार दिवसांनी पुढचं रान. क्रांती याच वाटेवर लहानाची मोठी झाली होती.

तिथली झोप म्हणजे काय, हे तिला कधी वेगळं समजून घ्यावं लागलं नव्हतं. अंधार पडला की बनुबाई भाकरी करून कोकरांजवळ कलंडायची. कोंडीबा कुत्र्यांच्या सोबतीने बसून राहायचा. लांडग्याचं भय होतं, चोराचं त्याहून जास्त. मग कधीतरी तो तिला हलवायचा, ती उठायची, आणि तिने ऊबदार केलेल्या जागेवर तो पडायचा. पहाटे दोघांपैकी ज्याला जमेल त्याला आणखी एक डुलकी. दुपारी मेंढरं झाडाखाली रवंथ करायला बसली की बनुबाई हमखास झोपायची, सूर्य कलेपर्यंत. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. मेंढ्या व्यायला लागल्या की आठवडाभर नुसते तुकडे. पण एक जागा असल्याशिवाय दुसऱ्याने झोपायचं नाही, यात कधी बदल नव्हता.

मागच्या थंडीत संयोगिता नावाची एक तरुण संशोधक तिथे आली होती. तंबू ठोकून महिनाभर राहिली. तिने नवरा-बायकोच्या मनगटावर काळी घड्याळं बांधली, ज्यांत वेळच दिसायची नाही. माणूस कधी झोपतं, कधी उठतं, ते घड्याळाला आतल्या आत कळतं म्हणे. बनुबाईला त्याचं लय हसू यायचं. “येळ न्हाई सांगत त्ये कसलं गं घड्याळ?” पण पोरगी चांगली होती. पाणी आणू लागायची, कोकरू मांडीवर घ्यायची, चुलीपुढे बसून खर्डा-भाकरी खायची. बनुबाईने तिला आपल्या ताटात जेवू घातलं होतं. क्रांतीला तिने आपला फोन नंबरही दिला होता.

नोकरी गेली त्या दिवशी क्रांती लोणंदवरून फलटणला आणि तिथून वडापच्या जीपने रानात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. बनुबाईने लेकीचं तोंड पाहिलं.

“आधी झोप,” ती म्हणाली.

“आये, मला सांगायचंय...”

“मग सांग. मी हाय हितंच.”

बांधावरच्या बाभळीखाली घोंगडं पडलं आणि क्रांती त्यावर पडली. मधेच तिला आईचं बोलणं ऐकू आलं. कुत्र्याला हाड् केलं, कोंडीबाला कोकरं तिकडं न्यायला सांगितलं, कुणीतरी पाणी मागायला आलं त्याला खालच्या आवाजात वाटेला लावलं. मग तेही ऐकू येईनासं झालं. ती उठली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि बनुबाई तशीच तिच्या डोक्याशी बसून होती.

क्रांतीने पोस्टर उलगडलं. वाचून दाखवलं. रेश्माची बोटं, व्याख्यान, फिटर काय बोलले ते, जयराज काय बोलला ते, सगळं सांगितलं.

बनुबाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. तिने आयुष्यात स्वतःला झोपलेलं पाहिलं नव्हतं. कुणीच पाहत नाही. तिने चित्रातल्या आपल्या उघड्या तोंडावर तळहात ठेवला.

“ह्ये गड्यांच्या जेवायच्या जागी लावलंय?”

“व्हय.”

“कवा काढला त्यानं?”

“संयोगितानं काढलाय आये. ती आलती तवा.”

“तिनं?” बनुबाईचा आवाज फाटला. “तवा ती माझ्याजवळ बसलीवती. तुझा बा पल्याड गेलावता. मी म्हणलं, पोरी, मी वाईच डोळा लावते, तू बस. ती बसते म्हणली. आगं, ती जागी हाय म्हणून झोपले की मी! ती राखण करतीया म्हणून! न्हाई तर एकटी बाईमाणूस रानात आशी पाय पसरून झोपंल व्हय?”

कोंडीबा जवळ येऊन उभा राहिला होता. त्याने चित्र पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “जाऊ दे. मोठी माणसं हायती ती. तिथं कोन ऐकतंय आपलं?”

“आवं, झोपल्यालं माणूस मेल्यावानी आसतं,” बनुबाई म्हणाली. “त्याला सोताचं काय बी ठाव नसतं. जो जागा आसतो त्याच्या भरवशावर पडल्यालं आसतं ते. चोरसुदीक झोपल्याल्या म्हातारीच्या अंगावरचं काढत न्हाई. आन हिनं? हिनं माझी झोपच काढून नेली, आन तिच्यावर ह्यांनी दुसऱ्याच्या लेकींच्या झोपा मोडल्या!”

ती उठली. “चल. कुठं हाय तो कारखाना?”

“आता?”

“आता न्हाई तर कवा? मेंढरं तुमी बघा वो,” नवऱ्याला तिने सांगितलं. तो मेंढरांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी सुटायच्या आधीच दोघी कारखान्याच्या गेटवर होत्या. रात्र पत्र्याच्या खोलीत काढली होती. हायवेच्या आवाजात बनुबाईला झोप म्हणून लागली नव्हती. “ह्यात झोपता व्हय गं तुमी?” एवढंच ती म्हणाली होती.

गेटच्या आत शिरताना रस्त्यावर करंजाची दोन जुनी झाडं होती. माल भरलेले दोन कंटेनर बाहेर निघायच्या तयारीत उभे होते. बनुबाई गेटच्या तोंडाशी, करंजाखाली, घोंगडं टाकून बसली. हातात मेंढरं वळायची काठी.

उदयसिंह केबिनमधून बाहेर आला. तो वाईकडचा, मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. “मावशी, इथं बसता येत नाही. गाड्या निघायच्यात.”

“ज्यानं माझा फोटू लावलाय त्याला बोलीव. तवर मी उठत न्हाई.”

उदयसिंहने तिच्याकडे नीट पाहिलं, मग क्रांतीकडे. त्याच्या केबिनच्या काचेवरही तेच पोस्टर होतं. काल संध्याकाळी पुन्हा नवीन लावून गेले होते. त्याने आतला फोन उचलला.

जयराज आला तोवर पाळी सुटली होती. पोरी बाहेर पडत होत्या, पायात पाय अडकल्यासारख्या. कंपनीची बस पलीकडे उभी होती. एक पोरगी थांबली. “मावशी, तुम्हीच ना त्या? भिंतीवरच्या?”

बनुबाईचं तोंड रागाने आणि लाजेने काळंनिळं झालं. “व्हय. मीच ती.”

“तुम्हाला खरंच एवढीशीच झोप पुरते?”

“कुणी सांगितलं तुला? मी दुपारची झोपते. पहाटंची झोपते. थंडीत तर मनमुराद झोपते. मला कुणी सायरन वाजवून उठवीत न्हाई. घरधनी जागा आसतो माझ्यासाठी.”

हे ऐकून आणखी पोरी थांबल्या. जयराज पुढे आला. “आजी, आपण आत बसून बोलू. चहा घ्या.”

“आत कशाला? फोटू भाईर लावलाय, भाईरच बोल.”

“काही गैरसमज झालाय. हे सगळं शास्त्रीय आहे. त्या संशोधक मॅडमना विचारा हवं तर.”

“इचारूच,” क्रांती म्हणाली आणि तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. संयोगिताने उचलला. क्रांतीने दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.

“क्रांती, मी रात्रीची आणि दिवसाची झोप वेगवेगळी मोजली होती,” संयोगिता म्हणाली. “संस्थेने त्यांना माहिती दिली. त्यांनी त्यातली रात्रीचीच घेतली. पोस्टर मी केलेलं नाही.”

“पण तुमाला म्हाईत होतं?”

“मला पाठवलं होतं त्यांनी... बघायला.”

“मग बोलला का न्हाई?”

“संस्थेचा करार आहे त्यांच्याशी. मी... मी बोलते त्यांच्याशी. आणि फोटोची परवानगी कागदात होती, मावशींनी दिला होता अंगठा त्याच्यावर.”

बनुबाई फोनकडे वाकली. “संयोगी, तू जागी बसते म्हणलीवतीस.”

पलीकडून फोन बंद झाला.

तोवर मघाशी प्रश्न विचारणारी ती पोरगी घोंगड्याच्या कडेला टेकली होती. उभं राहणं होत नव्हतं म्हणून टेकली, एवढंच. जयराज काहीतरी समजावत होता, शिस्त, उत्पादन, सगळ्यांचं हित. पोरीची मान हळूहळू कलली आणि बनुबाईच्या मांडीवर आली. ती झोपली. गेटवर, उजेडात, चारचौघांत, बोलणं चालू असताना.

बनुबाईने तिच्या तोंडावर पदर टाकला.

“उठवा तिला,” जयराज म्हणाला. “गाड्या अडल्यात.”

“उठवून दाव,” बनुबाई म्हणाली.

मग बनुबाईने बाकीच्या पोरींकडे पाहिलं. सुजलेले डोळे, सुकलेले ओठ. तिने मांडीवरचं डोकं अलगद खाली टेकवलं, घोंगडं पुरतं पसरलं आणि काठी आडवी धरली.

“पडा गं पोरीनो. कुणी हात लावत न्हाई तुमाला. मी जागी हाय.”

आधी एक बसली. मग दोघी. कुणी ओढणी अंथरली, कुणी डब्याची पिशवी उशाला घेतली. क्रांतीला वाटलं होतं या नुसत्या बसतील, हट्ट म्हणून. पण त्या खरंच झोपल्या. एकमेकींच्या पाठीला पाठ लावून, करंजाखाली, रस्त्याच्या मधोमध. घोषणा नाही, फलक नाही. एक तर घोरायला लागली. कंटेनरच्या ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, आणि बनुबाई काठी घेऊन अशी धावली की त्याने इंजिनच बंद करून टाकलं.

“उदयसिंह!” जयराजचा आवाज पहिल्यांदा चढला. “बाजूला करा यांना!”

उदयसिंह सावधानमध्ये उभा राहिला. “साहेब, सरहद्दीवर बर्फात पहाऱ्याची ड्युटी केलीय मी. दोन-दोन तासांनी बदली व्हायची. झोपलेल्या जवानाला कारण नसताना उठवलं तर सुभेदार फाडून खायचा. झोपलेल्या बाईमाणसाला हात लावायचा हुकूम असेल तर मला लिहून द्या. सहीनिशी.”

जयराजने लिहून दिलं नाही. तो आत गेला आणि फोनवर फोन सुरू झाले.

रस्त्यावरून जाणारे लोक थांबायला लागले. कुणीतरी मोबाईल वर केला. बनुबाई त्याच्यावर तुटून पडली. “फोटू काढायचा न्हाई! खाली घे! तुझी आईभन झोपली आसती तर काढला आसतास?” त्या माणसाने मुकाट्याने मोबाईल खिशात घातला. मग उदयसिंहही तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. दिवसपाळीच्या पोरी आत जायच्या होत्या, त्या गेल्या नाहीत. त्यांनीही रस्त्याकडे तोंड करून कडं केलं. आत झोपलेल्या आणि बाहेर जाग्या. काल हसलेल्या फिटरांपैकी एक पाण्याचा जार घेऊन आला, क्रांतीच्या पुढे ठेवला आणि खाली मान घालून गेला. तिने त्याला माफ केलं नाही. पाणी मात्र घेतलं.

पुण्याहून मोठे साहेब आले तेव्हा दुपार होत आली होती. त्यांनी गाडीतून उतरून झोपलेल्या पोरींकडे पाहिलं, अडलेल्या कंटेनरकडे पाहिलं, आणि जास्त वेळ कंटेनरकडे पाहिलं. जयराजशी बाजूला जाऊन बोलले. मग पुढे येऊन सगळ्यांसमोर सांगितलं : पोस्टरं आत्ताच्या आत्ता निघतील. सोमवारपासून पॅकिंगची पाळी आठ तासांची. पाळी दर आठवड्याऐवजी महिन्याने बदलेल.

पोरी उठल्या होत्या, गालांवर घोंगड्याचे वळ उठलेले. काहींनी टाळ्या वाजवल्या.

“आन हिची नोकरी?” बनुबाईने क्रांतीकडे बोट केलं. “आन त्या पोरीची बोटं?”

“तो ठेकेदाराचा विषय आहे,” साहेब म्हणाले.

“पोस्टर लावताना ठेकेदार न्हवता मधी. आता कुठनं आला?”

साहेब गाडीत बसले. काच वर गेली. बनुबाईने काचेवर काठी हाणली. काच फुटली नाही. कंटेनर सुरू झाले. पोरींना घरी पोचायचं होतं, बस हॉर्न देत होती. कडं मोडलं. कुणी क्रांतीला मिठी मारली, कुणी बनुबाईच्या पाया पडलं, आणि सगळ्या गेल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं होतं. पाळी आठ तासांची झाली, हे खरं. पण महिन्याभरात त्या सकाळी पहिल्यांदा घोंगड्यावर टेकलेल्या पोरीला काढलं. उदयसिंहला दुसऱ्या गेटवर, मग घरी पाठवलं. संयोगिताचा मेसेज आला, माफ करा, मी संस्थेला पत्र दिलं आहे. क्रांतीने तो आईला वाचून दाखवला. “आता ते घिऊन काय करू?” बनुबाई म्हणाली. आणि तिची दुपारची झोप गेली. मेंढरं बसली की ती आडवी होते, पण रस्त्यावरून गाडी गेली, कुणी अनोळखी बांधावर दिसलं, की उठून बसते आणि पदर गळ्याशी आवळून धरते. कोंडीबा म्हणतो, मी हाय की इथं. ती म्हणते, ठाव हाय मला. तरी झोपत नाही.

क्रांतीला लोणंदला कांद्याच्या वखारीत काम लागलं आहे, दिवसाचं. तिने आणि रेश्माने मिळून साताऱ्याला कामगार न्यायालयात दावा टाकला. रेश्मा डाव्या हाताने सही करायला शिकली. पहिल्या तारखेला कंपनीचा वकील म्हणाला, अपघात झोपेमुळे झाला, आणि झोप ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे. क्रांती संध्याकाळी रानात आली आणि तिने हे आईला सांगितलं.

बनुबाई कोकराला दूध पाजत होती. तिने कोकरू खाली ठेवलं.

“काय म्हणला? ज्याची त्याची?”

“व्हय.”

“फुडची तारीख कवा हाय?”

“बेस्तरवारी.”

“मी येते,” बनुबाई म्हणाली. “मेंढरं तुझा बा बघंल. त्या वकिलाला म्हणावं, तू झोपशील तवा तुझ्या दारात कोन जागं आसतं, ते मला सांग. माझं भांडण आजून झाल्यालं न्हाई.”